मंगळाच्या आठ कला

1600 सालच्या फेब्रुवारीत योहानेस केप्लर प्रागजवळच्या बेनाटकी किल्ल्यावर टायको ब्राहेकडे आला. त्याच्या वाट्याला मंगळ आला, कारण टायकोचा साहाय्यक लाँगोमोंटॅनस त्या ग्रहाशी झगडून थकला होता. केप्लरने पैज मारली : आठ दिवसांत हिशेब पुरा करतो. प्रत्यक्षात पाच वर्षे गेली. पण ग्रहांच्या कक्षांचा खरा आकार माणसाला कळला तो या पाच वर्षांत.

ग्रह एकसारख्या वेगाने चालत नाहीत, हे फार पूर्वीपासून माहीत होते. मात्र आकाशातली गती वर्तुळाचीच असणार, ही श्रद्धा ग्रीकांपासून चालत आलेली. टॉलेमीने मोठ्या वर्तुळावर लहान वर्तुळे बसवली. आपल्याकडेही मंदफल आणि शीघ्रफल असे दोन संस्कार देऊन ग्रह स्पष्ट करीत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघवा’त ते इतके सोपे करून दिले आहेत, की महाराष्ट्रातली पंचांगे कित्येक पिढ्या त्यावर चालली. कोपर्निकसने सूर्य मध्याजवळ आणला खरा, पण वर्तुळे त्यानेही सोडली नाहीत.

आकार बदलायचा तर आधी निरीक्षणे बदलायला हवी होती. ते काम टायकोने केले. डेन्मार्कच्या व्हेन बेटावर 1576 पासून वीस वर्षे तो दुर्बिणीविना आकाश मोजत होता. भिंतीवर पक्के बसवलेले पितळी तुर्ययंत्र, त्यावरच्या बारीक खुणा, आणि ग्रह दिसेल त्या प्रत्येक रात्री घेतलेली नोंद. पूर्वीच्या ज्योतिषांना 10 कलांची चूक खपत असे. टायकोची चूक बहुधा दोन कलांच्या आत राही. 60 कलांचा एक अंश होतो, आणि पूर्ण चंद्राचे बिंब साधारण 30 कलांचे असते. त्यावरून हे मोजमाप किती नेमके होते ते कळेल. लंबवर्तुळाचे श्रेय देताना टायकोचे नाव मागे पडते, हा मला अन्याय वाटतो.

1601 मध्ये टायको वारला आणि त्याच्या वह्या केप्लरने वारसांच्या हाती पडण्याआधी ताब्यात घेतल्या. मंगळाच्या चार प्रतियुती (पृथ्वीवरून मंगळ सूर्याच्या नेमका विरुद्ध दिशेला दिसण्याच्या वेळा) घेऊन त्याने वर्तुळाची एक कक्षा बसवली. लॉगरिथम अजून निघाले नव्हते. सारा हिशेब हाताने, आणि तोही किमान सत्तर वेळा. अखेर सगळ्या प्रतियुतींतल्या मंगळाच्या जागा दोन कलांच्या आत जुळल्या. दुसरा कोणीही इथे थांबला असता. केप्लरने मात्र मंगळ क्रांतिवृत्ताच्या किती वर-खाली सरकतो, तेही ताडून पाहिले. ते जुळेना. त्यासाठी कक्षेचा मध्य हलवला, तर जागा आठ कलांनी चुकू लागल्या. टायको आठ कला चुकणार नाही, या एका खात्रीवर त्याने सत्तर वेळा केलेले गणित टाकून दिले. मानवी बुद्धीच्या इतिहासातल्या सर्वांत प्रामाणिक निर्णयांपैकी हा एक, असे मी मानतो.

मग त्याने आधी आपल्या पायाखालची पृथ्वी तपासली. मंगळ 687 दिवसांनी कक्षेत त्याच जागी परततो. पृथ्वी मात्र तेव्हा वेगळ्या जागी असते. म्हणून 687 दिवसांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी निवडल्या, की मंगळ स्थिर खांब ठरतो आणि त्याच्या आधारे पृथ्वीच्या जागा मोजता येतात. पृथ्वीही सूर्याजवळ वेगाने आणि दूर असताना सावकाश चालते, हे त्यातून पक्के झाले. सूर्यापासून ग्रहापर्यंतची रेषा सारख्या काळात सारखे क्षेत्रफळ व्यापते, हा नियम त्याच्या हाती आला तो आकार कळण्याच्याही आधी.

मंगळाची कक्षा बाजूंनी आत दबलेली निघाली. केप्लरने ती अंडाकृती मानली, आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून अंड्याच्या जागी लंबवर्तुळ वापरले, तरी उत्तर तेच आहे हे त्याला दिसेना! कक्षा वर्तुळापेक्षा लाखात 429 भागांनी आत होती. 5 अंश 18 कला या कोनाच्या छेदकातही (सीकंट) तोच आकडा आहे, हे एके दिवशी योगायोगाने लक्षात आले आणि झोपेतून जागे झाल्यासारखे त्याला वाटले. 1605 मध्ये लंबवर्तुळ ठरले; ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ 1609 मध्ये छापून आले.

गॅलिलिओने लंबवर्तुळ कधीच स्वीकारले नाही. इतरांना ते पटले भाकितांमुळे. केप्लरच्या कोष्टकांवरून वर्तवलेले बुधाचे अधिक्रमण (सूर्यबिंबावरून जाणे) 7 नोव्हेंबर 1631 रोजी गासेंदीने पॅरिसमध्ये पाहिले.

शिक्षकांना आणि पाठ्यपुस्तकांच्या चित्रकारांना एक विनंती. कक्षा फार लांबट काढू नका. मंगळाची कक्षा 10 सेंटिमीटर अर्ध्या लांबीची काढली, तर तिची अर्धी रुंदी 9.96 सेंटिमीटर भरते. सूर्य मात्र मध्यापासून सुमारे 9 मिलिमीटर बाजूला येतो. असे मापाचे चित्र मुलांकडून एकदा काढून घ्या आणि मगच केप्लरचा पहिला नियम शिकवा.