पत्ता एका जिल्ह्याचा, नोंद दुसऱ्यात

कर्नाटकातल्या निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. बाईला अवेळी कळा सुरू झाल्या की गाडी कोणत्या दिशेला निघते, हे निपाणीत कुणाला सांगावं लागत नाही. अथणी-कागवाडकडची माणसं मिरजेची वाट धरतात. वॉनलेस मिशन दवाखाना तिथे १८९४ पासून आहे. चंदगडकरांचं नेमकं उलटं. त्यांना कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ, म्हणून महाराष्ट्रातला रुग्ण बेळगावच्या केएलई किंवा बिम्स रुग्णालयाच्या दारात. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सीमाभागात सोयरीक जुळवताना राज्य कोण बघतंय!

आता कागलची लेक निपाणीत दिलेली आहे, बाळंतपणाला माहेरी आली आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मोकळी झाली, असं धरा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो की घटना जिथे घडली तिथेच २१ दिवसांत नोंद करायची. म्हणजे बाळ कोल्हापूरच्या दप्तरात. महिन्या-दोन महिन्यांनी ते निपाणीला येतं, तिथेच लसी घेतं, तिथेच अंगणवाडीत जातं. पण निपाणीच्या जन्मसंख्येत त्याचा पत्ता नसतो. बेळगाव शहराच्या आकड्यांत मात्र चंदगडची बाळं मिसळलेली असतात. एकीकडे गळती, दुसरीकडे भर. मृत्यूचंही तेच. मिरजेत दगावलेला अथणीचा माणूस सांगली जिल्ह्याच्या खात्यावर जातो. अशा आकड्यांवर कुणी एखाद्या तालुक्याचा बालमृत्यूदर काढला, तर तो त्या तालुक्याचा नव्हे, तिथल्या दवाखान्यांचा असतो.

गंमत अशी की हवी ती माहिती कागदावर असते. जन्माच्या नमुना १ चे दोन भाग आहेत. वरचा कायदेशीर, ज्यावरून दाखला मिळतो. खालचा सांख्यिकी, आणि त्यात आईचं राहतं गाव, जिल्हा, राज्य स्पष्ट विचारलेलं आहे. घरच्यांना वरच्या भागाची घाई. खालचा भाग भरून घेणाऱ्याच्या मर्जीवर. सीमाभागाच्या आरोग्य नियोजनाची सुरुवात या खालच्या भागापासून व्हायला हवी, असं माझं मत आहे. नवं सर्वेक्षण, नवं ॲप, नवा डॅशबोर्ड हे सगळं नंतर.

बाकीची साधनं चाळून पाहू. जनगणना २०११ ची. तिच्यात बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांवर आहे, पण निपाणी तालुका नाही, कारण तेव्हा निपाणी चिकोडीत होती. ज्याला निपाणीसाठी छेद हवा, त्याने गावनिहाय तक्ता उघडावा आणि एकेक गाव बेरजेत घ्यावं. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची. तिची जिल्हापत्रिका सर्वांना फुकट मिळते, आणि निवासावर आधारलेली असल्याने दवाखान्याचा गोंधळ तिच्यात शिरत नाही. मात्र ती जिल्ह्यावर थांबते. खानापूरचं जंगल आणि अथणीचा ऊसपट्टा तिच्या लेखी एकच. नमुना नोंदणी पद्धत तर राज्याच्या खाली फारशी उतरतच नाही. केंद्राची आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली दर महिन्याला आकडे देते, पण मोजते दवाखान्यातलं काम. मोठी रुग्णालयं असलेल्या ठिकाणी संस्थात्मक बाळंतपणाचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर गेला, तर टाळ्या वाजवण्याआधी बाया कुठल्या गावच्या ते विचारावं.

पत्त्यावरून मोजलं की काय साधतं, याचा दाखला बेळगावातच आहे. २००२ ते २००५ या काळात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी घेतली. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलची गोळी चालते का, हा प्रश्न. घरी किंवा उपकेंद्रात नर्सबाईंच्या हातून बाळंत झालेल्या १,६२० बायका. रक्त किती गेलं हे अंदाजाने सांगायचं नाही, म्हणून बाईखाली प्लॅस्टिकची चादर घालायची, तिला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. नर्सबाईंनी रेघ वाचून आकडा लिहायचा, बस. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. लॅन्सेटने २००६ मध्ये ते छापलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी ही गोळी आली. त्याच संस्थेने पुढे माता-नवजात नोंदवही चालवली. तिचा नियम असा की ठरलेल्या गावांत राहणारी प्रत्येक गरोदर बाई वहीत घ्यायची आणि ती कुठेही बाळंत झाली तरी पुढे सहा आठवडे तिची खबर ठेवायची. माहेरी गेली तरी ती वहीतून सुटत नाही.

महाराष्ट्रात हेच बार्शीने कर्करोगाबाबत केलं. १९८७ मध्ये सुरू झालेली तिथली कर्करोग नोंदणी ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. रुग्ण येण्याची वाट न बघता कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, आणि मोजायचं ते त्या भागात राहणाऱ्यालाच, मग उपचार मुंबईला घेतले असोत की सोलापूरला. पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची ५२ गावगटांतली प्रचंड चाचणी उभी राहिली, सव्वा लाखाहून अधिक बायकांची. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे तिने २००९ मध्ये दाखवलं. मरण नोंदवणारी यंत्रणा आधी नसती, तर निम्मे कशाच्या निम्मे?

सीमाभागात तर आजारसुद्धा मजुरीला जाऊन येतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये माकडताप आला, २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसला. काजूच्या हंगामाला गोव्यात गेलेल्या बेळगावकडच्या मजुरांनाही त्याने गाठलं. लागण गोव्यातली, ताप कर्नाटकातला, दुसरा साथग्रस्त तालुका महाराष्ट्रातला. साथरोगाची माहिती आता एकाच राष्ट्रीय मंचावर भरली जाते, आणि त्याच्या पहिल्या राज्यांत २०१८ मध्ये कर्नाटक होतं. पण मंच एक झाला म्हणून तीन राज्यांतले जिल्हा अधिकारी एकमेकांचं पान उघडतात असं नाही. कोविडच्या दिवसांत सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर चाचणीचा कागद बघून गाड्या अडवल्या-सोडल्या जायच्या. नाक्याच्या अल्याड-पल्याडची रुग्णसंख्या शेजारी शेजारी मांडलेला तक्ता मात्र क्वचितच दिसायचा.

राजकारणाने यात भर घातली. महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये कर्नाटकातल्या सीमेवरच्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाने आक्षेप घेतला. भांडणाची बाजू कुणाचीही असो, नियोजनाच्या दृष्टीने यातून एक कामाची गोष्ट निघू शकते. या योजनेच्या प्रत्येक दाव्यावर गावाचं नाव असतं. कुठल्या गावची माणसं कोणत्या आजारासाठी सीमा ओलांडतात, याची ती आयती यादी ठरेल.

शेवटी तंबाखू, कारण निपाणीबद्दल लिहून तंबाखू टाळता येत नाही. वखारीत तंबाखू चाळणारी, घरी विड्या वळणारी बाई कुठल्याच सर्वेक्षणात धड दिसत नाही. कुटुंब सर्वेक्षण तंबाखू खाता-ओढता का ते विचारतं. धूळ नाकातोंडात जाते का, हे नाही. क्षयरोगाच्या निक्षय नोंदीत रुग्ण सापडतात, पण त्यातल्या विडी कामगार किती, हे काढायला एकूण विडी कामगार किती हे आधी हवं. कामगार ओळखपत्रांची यादी त्याच्या सर्वांत जवळ जाते, आणि ती आरोग्य खात्याकडे नसून कामगार खात्याकडे आहे. दुसरी जागा म्हणजे मृत्यूचा नमुना २. त्याच्या सांख्यिकी भागात मृत व्यक्ती धूम्रपान किती वर्षं करत होती आणि तंबाखू किती वर्षं चघळत होती, असे रकाने छापलेलेच आहेत. कर्नाटकच्या खेड्यांत ही नोंद वर्षानुवर्षं महसूल खात्याच्या गाव लेखापालाकडे होती, महाराष्ट्रात ती ग्रामसेवकाकडे. निपाणीतल्या वर्षभराच्या मृत्यूंचे एवढे दोन रकाने नीट भरले गेले आणि कोल्हापूर-मिरजेहून निपाणीच्या पत्त्याचे फॉर्म मागवून त्यांत घातले, तर तंबाखूपट्ट्याबद्दल आज जे नुसतं बोललं जातं ते मोजता येईल. २०२३ च्या दुरुस्तीने जन्म-मृत्यूचा राष्ट्रीय माहितीसाठा कायद्यात आणला आहे. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हा कार्यालयांनी त्यातून आपापल्या पत्त्याची माणसं मागायची आहेत. त्यासाठी सीमाप्रश्नाचा निकाल लागण्याची वाट बघावी लागत नाही.