खेळातले राज्य खरे कसे होईल?

'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा २०१३ साली आलेला संगणकावरचा राज्यकारभाराचा खेळ. त्याचा डाव ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी सुरू होतो. समजा, त्यातले बहामनी राज्य इतिहासाशी जुळवायचे आहे. प्रथम काय तपासाल?

आरंभीची स्थिती. त्या दिवशी राजधानी गुलबर्गा नव्हे, बीदर होती. गादीवर अलाउद्दीन अहमदशाह दुसरा होता. गोवा विजयनगरकडे होता. बहामनींनी तो १४७२ मध्ये घेतला.

खरी अडचण पुढेच आहे. १४८१ मध्ये बनावट पत्रावरून वजीर महमूद गावानचा वध झाला आणि त्यानंतर हळूहळू राज्याची पाच शकले झाली. मग संगणकाला 'अमुक साली राज्य फोड' अशी आज्ञा द्यावी काय? ते तर उत्तर पाहून गणित सोडवणे झाले!

त्याऐवजी कारणे घालावीत : दक्षिणी आणि परदेशी सरदारांमधले वैर, प्रबळ प्रांताधिकारी, दुबळा राजा. मग राज्य एका डावात फुटेल, दुसऱ्यात तगेल. पण का, ते सांगता येईल. हवामानाचे भाकीत करणारा शास्त्रज्ञही स्थिती आणि नियमच देतो, निष्कर्ष नव्हे.

मित्रांनो, १४४४ साली तुमच्या गावावर सत्ता कोणाची होती? शोधा पाहू!