लाकडी फरशीचे सीमाशुल्क वर्गीकरण : समान दर, असमान परिणाम

अंधेरी-बोरिवलीकडील वा घाटकोपर-मुलुंडकडील एखाद्या दुकानात गेल्यास 'वुडन फ्लोअरिंग' या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकावयास ठेवलेल्या आढळतात. ग्राहकाच्या दृष्टीने त्या सर्व लाकडी फरशीच होत. सीमाशुल्काच्या दरसूचीत मात्र 'लाकडी फरशी' असे एकच शीर्ष नाही. माल न्हावा-शेवा येथील बंदरात उतरो की त्याचे नमुने अंधेरीच्या सहार विमानमाल संकुलात येवोत, प्रत्येक वस्तूचे स्थान तिच्या रचनेवरून ठरवावे लागते. हे स्थान कसे ठरते आणि ते ठरविण्यास एवढे महत्त्व का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

भारताची विद्यमान दरसूची सीमाशुल्क दरसूची अधिनियम, 1975 याच्या पहिल्या अनुसूचीत असून, 1986 पासून ती जागतिक सुसंवादी वर्गीकरण पद्धतीवर आधारलेली आहे. या पद्धतीचा पहिला अर्थनिर्णयन नियम असा की, वर्गीकरण शीर्षांच्या शब्दांवरून आणि विभाग व प्रकरण यांच्या टिपांवरून करावयाचे. व्यापारी नावाला त्यानंतरचे स्थान आहे. 1995 साली ब्लॉकबोर्डसंबंधीच्या वूड क्राफ्ट प्रॉडक्ट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही, दरसूची या पद्धतीवर बेतलेली असल्यामुळे संशयाच्या प्रसंगी तिचाच आधार घेणे योग्य, असे प्रतिपादिले. तो खटला उत्पादनशुल्काचा होता. परंतु त्यातील तत्त्व सीमाशुल्कालाही लागू पडते.

लाकडाचे प्रकरण 44 वे. त्यातील चार शीर्षे येथे विचारात घ्यावी लागतात. अखंड लाकडाची पट्टी, जिच्या एका कडेला जीभ व दुसरीला खाच सलग काढलेली आहे आणि जी अद्याप इतर पट्ट्यांशी जोडलेली नाही, ती 4409 मध्ये जाते. अशा पट्ट्या जोडून तयार केलेले फरशीचे फलक 4418 मध्ये येतात. खऱ्या लाकडाचा झीज सोसणारा थर वर असलेले बहुस्तरीय फलकही तेथेच. परंतु प्लायवूडवर केवळ पातळ व्हिनिअर चिकटवून पट्ट्यांचा आभास निर्माण केला असेल, तर तो फलक 4412 मधील होय. लाकडाचे तंतू दाबून केलेला, म्हणजे बाजारात एमडीएफ वा एचडीएफ म्हणून ओळखला जाणारा फलक 4411 मध्ये येतो.

खरी अडचण लॅमिनेट फरशीची आहे. तिचा गाभा तंतुफलकाचा, वर लाकडाची रेषा छापलेला कागद आणि कडांना जीभ व खाच. ती 4409 मधील पट्टीसारखी दिसते आणि 4418 मधील फलकासारखी वापरली जाते. या ठिकाणी प्रकरणाची चौथी टीप उपयोगी पडते. 4410, 4411 व 4412 मधील वस्तूंना 4409 मधील वस्तूंसारखा आकार दिला, तरी त्यांना अन्य शीर्षातील वस्तूचे स्वरूप प्राप्त होत नाही तोवर त्या आपल्या मूळ शीर्षातच राहतात. केवळ कडा कापल्याने तंतुफलकाचे शीर्ष बदलत नाही. 4411 मध्येही पुढे जाडी पाहावी लागते : 5 ते 9 मिलिमीटर जाडीचा एमडीएफ 4411 13 या उपशीर्षात, तर 9 मिलिमीटरपेक्षा अधिक जाडीचा 4411 14 मध्ये.

या चारही शीर्षांवरील मूळ शुल्क सामान्यतः 10 टक्केच राहत आले आहे. मग हा काथ्याकूट कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर प्रकरणाच्या सीमेवर सापडते. लाकडाचा केवळ रंग व रेषा असलेली प्लास्टिकची, म्हणजे व्हिनाइलची फरशी 3918 मध्ये येते आणि 2019 च्या अर्थसंकल्पात तिच्यावरील मूळ शुल्क 10 वरून 15 टक्के करण्यात आले. 10 लाख रुपये मूल्याच्या मालावर या फरकाने मूळ शुल्कच 50 हजार रुपयांनी वाढते.

दुसरे उत्तर अधिक सूक्ष्म आहे. आसियान-भारत वस्तुव्यापार करारानुसार, जो 2010 पासून अमलात आला, सवलत मिळण्यासाठी बाहेरचा कच्चा माल वापरलेल्या वस्तूत सामान्यतः 35 टक्के प्रादेशिक मूल्य असावे लागते आणि त्या कच्च्या मालाचे सहा अंकी उपशीर्ष बदललेले असावे लागते. आता अशी कल्पना करू की, मलेशियातील एका कारखान्याने आसियानबाहेरून 8 मिलिमीटरचा एमडीएफ आणला, त्यावर कागद चढविला, कडा कापल्या आणि फरशी भारतात पाठविली. फरशी 4418 मधील मानली तर उपशीर्ष बदलले असे दिसते. ती 4411 13 मधील मानली तर ते बदललेच नाही आणि सवलतीचा पायाच ढासळतो. दर समान असूनही वर्गीकरण निर्णायक ठरते ते असे. 2020 च्या उगमविषयक नियमांनी तर मूळ देशाची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावरच टाकली आहे.

2011 पासून शुल्काचे स्वयंनिर्धारण आयातदारानेच करावयाचे असते. चूक निघाल्यास साधारणतः दोन वर्षांपर्यंत, आणि वस्तुस्थिती हेतुपुरस्सर दडविल्यास पाच वर्षांपर्यंत, फरकाची मागणी होऊ शकते. तोवर फरशी कोणाच्या तरी घरात बसलेली असते, तिची किंमत ठरून चुकती झालेली असते. वाढीव शुल्क ग्राहकाकडून मागावयास आयातदाराला मार्ग उरत नाही. मोठी पेढी हा भार सोसेल. उपनगरातील लहान व्यापाऱ्याचे मात्र एका खेपेचे शुल्क वर्षाचा नफा गिळू शकते.

म्हणून माल मागविण्यापूर्वीच नमुन्याचा आडवा छेद घेऊन तीन प्रश्न विचारावेत : गाभा कशाचा आहे, वरचा थर खऱ्या लाकडाचा की छापील, आणि जाडी किती. तरीही शंका राहिल्यास 2021 पासून मुंबईत कार्यरत असलेल्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे आधीच विचारणा करता येते. वस्तूचे नाव दुकानदार ठरवितो; तिचे शीर्ष मात्र तिचा छेदच ठरवितो, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ वाद उद्भवणार नाहीत.