डोंगरी वाहनांस दुसऱ्या बॅटरीची जोड

भोर व वेल्हे हे पुणें जिल्ह्यांतील सह्याद्रीच्या कुशीचे दोन तालुके. भोर हें १९४८ सालापर्यंत संस्थान होतें. वेल्हे तालुक्याचें नांव राजगड करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं घेतला, परंतु वाडीवस्तीवर जुनेंच नांव तोंडीं असल्यामुळें आम्हीही या लेखांत तेंच ठेवितों. हिरडस मावळ, वेळवंड खोरें, कानंद खोरें व गुंजण मावळ या भागांत ज्या शेतकऱ्याच्या दारांत जीप किंवा पिकअप उभी आहे, तो तिच्याकडून केवळ ओझें वाहण्याचें काम घेत नाहीं. तिच्याच बॅटरीवर फवारणीचा पंप चालतो, तिच्याच दिव्यांच्या उजेडांत रात्रीं भाताची झोडणी होते, आणि पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे साऱ्या वाडीचे मोबाईल तिच्याच अंगाशीं लटकतात.

बॅटरी मात्र एकच. दिवसभर हें सर्व घेतल्यावर रात्रीं किल्ली फिरवितांच सेल्फनें नुसतें टक् करावें व गप्प बसावें, हा अनुभव ज्यास आला नाहीं असा वाहनधारक या खोऱ्यांत विरळा. सपाटीवर अशा वेळीं चार माणसें धक्का देतात. केळद किंवा पासलीच्या वाटेवर चिखलांत, भर पावसांत, चढावर तोंड करून उभ्या असलेल्या गाडीस धक्का कोणी द्यावयाचा? शिवाय नव्या डिझेल गाड्यांत इंधन सोडण्याचें काम विजेच्या यंत्रणेकडे असल्यामुळें बॅटरी पुरती उतरली असतां त्या धक्क्यानेंही उठत नाहींत.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा असता तर त्यावर मासिकाचीं पृष्ठें खर्चिण्याचें कारण नव्हतें. भातखाचरांत पाय घालणाऱ्यास सर्पदंशाचें भय बारमाही आहे, व प्रतिविष मिळावयाचें तें रुग्णालयांत. मार्गासनी, विंझर मार्गें नसरापूरच्या हमरस्त्यास लागेपर्यंत मध्यरात्रीं दुसरें वाहन मिळत नाहीं. अडलेल्या बाळंतिणीचीही तीच गोष्ट. डोंगराचा भरंवसा नाहीं तो निराळाच. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें व १५१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. ती वार्ता बाहेर कळली ती नेहमीच्या रस्त्यानें गेलेल्या एस. टी.च्या चालकास गांवच दिसेना म्हणून. २०२१ सालच्या जुलैंत वरंध घाटापलीकडे महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड आली, व त्याच पावसांत घाटाचा रस्ताही तुटला. अशा रात्रीं जी गाडी दारांत आहे ती चालू होणें व मोबाईलांत जीव असणें, या दोन्ही गोष्टी त्या एका बॅटरीवर अवलंबून असतात.

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतां अतिवृष्टीचे पंचनामे करण्यास एका कचेरीच्या जीपमधून हिंडत असूं. ओढ्यापलीकडच्या एका वस्तीवर दिवस मावळल्यामुळें जीपचे दिवे लावून त्या उजेडांत पंचनामा लिहिला गेला. पंचांच्या सह्या झाल्या, अंगठे झाले, आणि जीप कांहीं उठेना. अखेर ज्याचें भात वाहून गेलें होतें त्याच शेतकऱ्याची बैलजोडी लावून सरकारी जीप ओढावी लागली.

आतां यावरील उपाय. घरीं आपण बियाण्याची कणगी निराळी ठेवितों व खाण्याची निराळी. कितीही ओढ लागली तरी बियाण्यास हात लावीत नाहीं. गाडींतही तसेंच करावयाचें: पहिली बॅटरी केवळ इंजिन चालू करण्यासाठीं राखीव, व दिवे, पंप, मोबाईल हें सर्व दुसरीवर. ऑस्ट्रेलियांत ओसाड प्रदेशांतून दिवसच्या दिवस प्रवास करणाऱ्या लोकांत ही पद्धत सर्रास आहे. गाडी चालू असतां डायनामोनें दोन्ही बॅटऱ्या भराव्या, व गाडी बंद होतांच दोहोंचा संबंध तुटावा, एवढेंच काय तें तत्त्व. सारी गोम आहे ती हा संबंध जोडणाऱ्या व तोडणाऱ्या साधनांत.

आमच्या परिचयाच्या कांहीं वाहनधारकांनीं हमरस्त्यावरील एका मिस्त्रीच्या साह्यानें हें साधन कसें असावें याचे प्रयोग केले. प्रथम बसविला हातखटका. तो स्वस्त व मजबूत. परंतु तो माणसाच्या स्मरणावर चालतो, आणि दिवसभर भातलावणी करून आलेला चालक तो फिरविण्यास विसरला म्हणजे एकीऐवजीं दोन बॅटऱ्या उतरतात. दुसरा प्रयोग डायोडचा. यांतून वीज एकाच दिशेनें जाते, म्हणून विसरण्याचा प्रश्न नाहीं. पण वाटेंत सुमारें ०.७ व्होल्ट खर्ची पडतो. डायनामोनें १४.२ व्होल्ट दिला तर बॅटरीस पोंचतो १३.५, आणि तेवढ्यावर ती कधींच पुरी भरत नाहीं. अर्धपोटी राहिलेल्या शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर गंधकाच्या क्षाराचा पांढरा थर घट्ट धरतो व तिचें आयुष्य खुंटतें.

तिसरा प्रयोग साध्या रिलेचा. तो किल्लीच्या वायरवर जोडल्यास किल्ली फिरवितांच, इंजिन चालू होण्यापूर्वींच, दोन्ही बॅटऱ्या एक होतात. सेल्फ फिरतांना डिझेल इंजिन कांहीं क्षण शेंकडों अँपिअर वीज ओढतें. तो लोंढा मग दुसऱ्या बॅटरीच्या बारीक वायरींतूनही धांवूं लागतो. यास्तव रिलेचें टोक डायनामोच्या तांबड्या दिव्याच्या वायरवरून घ्यावें, म्हणजे इंजिन चालू होऊन डायनामो वीज देऊं लागल्यावरच तो जोडला जातो. जुन्या जीपांस ही योजना आम्हांस अद्यापही पसंत आहे. यापुढची पायरी म्हणजे व्होल्टेज ओळखणारा रिले. पहिली बॅटरी १३.३ व्होल्टच्या आसपास चढली कीं तो आपण होऊन जोडतो, व १२.८ च्या सुमारास उतरली कीं तोडतो. डायनामोच्या वायरीस हात लावावा लागत नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ नियमांनंतरच्या कित्येक गाड्यांत मात्र डायनामोही हुशार झाला आहे. इंधन वांचविण्यासाठीं तो मध्येंच आपलें व्होल्टेज उतरवितो, आणि रिले बिचारा गाडी बंद झाली असें समजून संबंध तोडतो. अशा गाडीस डीसी ते डीसी चार्जर घ्यावा. तो कमी व्होल्टेज घेऊन दुसऱ्या बॅटरीस हवें तेवढें चढवून देतो. त्याची किंमत साध्या रिलेच्या कित्येक पट आहे हें खरें. नव्या गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावण्यापूर्वीं हमीच्या अटी वाचाव्या, हेंही सांगणें आम्ही अवश्य समजतों.

रिलेवर पैसे खर्च करून वायरींत काटकसर करणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले. बॉनेटखालील बॅटरीपासून मागच्या हौद्यापर्यंत ५ मीटर अंतर धरिलें तर जाणारी व येणारी मिळून १० मीटर तांब्याची वायर लागते. ती ६ चौरस मिलिमीटर जाडीची असेल व तींतून ३० अँपिअर वीज जात असेल, तर जवळ जवळ ०.९ व्होल्ट वाटेंतच जिरतो. म्हणजे डायोडपेक्षांही वाईट अवस्था. तीच वायर २५ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.२ व्होल्टच जातो. लग हातोडीनें न चेपतां दाबयंत्रानें दाबून घ्यावे. आणि फ्यूज? तो दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांपाशीं, शक्य तितका जवळ, असा दोन ठिकाणीं पाहिजे. मधल्या वायरीस दोन्हीकडून वीज मिळते. पत्र्याच्या धारेवर घासून ती उघडी पडली व एकाच टोकास फ्यूज असला, तर दुसऱ्या टोकाची बॅटरी गाडी पेटविण्यास समर्थ असते. खडकाळ रस्त्यावर वायर घासावयाचीच, म्हणून ती रबरी नळींतून न्यावी व वीतभर अंतरावर पट्टीनें बांधावी.

आतां जमाखर्च. फवारणीचा पंप ५ अँपिअर घेतो असें धरूं. ३ तासांचे १५ अँपिअर-तास झाले. २० वॉटचे दोन दिवे ४ तास जाळले, त्यांचे सुमारें १३. एकूण खर्च २८. शिशाची बॅटरी निम्म्याखालीं उतरवूं नये हा नियम, म्हणून ६० अँपिअर-तासांची बॅटरी यास जेमतेम पुरते. खर्च सर्वजण मांडतात. जमेची बाजू कोणी पाहत नाहीं. वाडीपासून दूध संकलन केंद्रापर्यंत जाऊन येण्यास ४० मिनिटें लागलीं व दुसऱ्या बॅटरीस २० अँपिअर मिळाले, तर जमा होतात १३. रोजची १५ ची थकबाकी! दुसऱ्याच दिवशीं खातें बुडतें, आणि दोष येतो मिस्त्रीच्या माथीं. ज्याची गाडी जवळच्या जवळ फिरते त्यानें आठवड्यांतून एकदां घरच्या विजेवर चार्जर लावून बॅटरी पुरी भरावी. टपावर १०० वॉटचें सौरपत्र बसविल्यास उघाडीच्या दिवसांत भर दुपारीं ५ अँपिअरपर्यंत वीज मिळते. परंतु आषाढांत, जेव्हां गरज अधिक तेव्हां, तोरणा दिवसेंदिवस ढगांत असतो व सौरपत्रही.

दुसरी बॅटरी कोणत्या जातीची घ्यावी याविषयीं मतभेद आहेत. घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी हौद्यांत टाकणारे बरेच. तिच्या पट्ट्या जाड असल्यामुळें ती सावकाश व खोल उपसा सोसते हा गुण खरा. पण ती उंच व जड, आणि खडकाळ चढावर तिचें आम्ल सांडून हौद्याचा पत्रा खातें. शिवाय भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. बंद जागेंत तो साठला व ठिणगी पडली तर स्फोट होतो. चालकाच्या खोलींत ती कदापि ठेवूं नये; तेथें ए. जी. एम. जातीची बंद बॅटरीच योग्य. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनास पुष्कळ हलकी व बहुतेक सर्व उपसूं देणारी आहे. मात्र ती भुकेल्या बैलासारखी डायनामोकडून एकदम एवढी वीज ओढते कीं तो तापून जळण्याचा संभव असतो. तिला डीसी चार्जरमार्फतच जोडावें.

बसविण्याचें काम लोखंडी चौकटींत व वरून पट्टी आवळून करावें. दोरीनें बांधलेली बॅटरी राजगडच्या पायथ्यापर्यंतही शाबूत जावयाची नाहीं. ओढा ओलांडतांना पाणी चढतें त्या रेषेच्या वर रिले व फ्यूज असावे. दुसऱ्या बॅटरीवरील सामानास कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारा खटका बसवावा.

पहिली बॅटरी तरीही जुनी होऊन दगा देईल. तेव्हां दुसरी मदतीस येते, पण कशी तें नीट समजून घ्यावें. १०० अँपिअरच्या फ्यूजमधून सेल्फ फिरविण्याचा प्रयत्न केल्यास फ्यूज उडतो. हाताच्या खटक्यानें दोन्ही बॅटऱ्या १० ते १५ मिनिटें जोडून ठेवाव्या, पहिलीस थोडी धुगधुगी येऊं द्यावी, मग खटका तोडून किल्ली फिरवावी. रुग्ण गाडींत असतां तेवढा धीर धरवत नाहीं. म्हणून गाडींत जाड जंपर वायरींची एक जोडी कायमची ठेवावी.

मृगापूर्वीं एकदां व दसऱ्यास एकदां अशी तपासणी पुरे. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळीं मल्टीमीटर लावावा: १२.६ किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या खालीं म्हणजे निम्म्याहून रिकामी. पाण्याच्या बॅटरींत केवळ डिस्टिल वॉटर घालावें. विहिरीचें पाणी कितीही गोड असो, त्यांतील क्षार पट्ट्यांस मारक होतात. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानें धुवावी, कोरडी करावी व वर व्हॅसलिन लावावें. बॅटरी सोडवितांना प्रथम ऋण टोक सोडावें, जोडतांना तें शेवटीं जोडावें, म्हणजे पाना पत्र्यास लागून ठिणगी उडत नाहीं.