गाडी जुनी, काळजी नवी!

मैत्रिणींनो, तुमच्या सासरी किंवा माहेरी, अंगणात नाहीतर टिनाच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी गाडी उभी आहे का? अ‍ॅम्बेसेडर, फियाट पद्मिनी, जीप... आणि काही नाही तर निदान सासऱ्यांची चेतक स्कूटर? असेल तर हा लेख तुमच्यासाठी. गाडी पुरुषांची असते, मान्य. पण दुपारी दोन वाजता फाटकाशी कोणी येऊन उभं राहतं, तेव्हा दार आपणच उघडतो ना!

एकेकाळी या गाड्यांना कोणी विचारत नव्हतं. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून बनणारी अ‍ॅम्बेसेडर २०१४ साली बंद पडली. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी तर तिच्या कितीतरी आधी थांबली. मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आकुर्डीची पेट्रोलवाली चेतकही आता आठवणीतच. आणि गंमत बघा, बनायच्या बंद झाल्या आणि त्यांचे शौकीन वाढले! शहरातली मंडळी जुन्या गाड्या शोधत खेडोपाडी फिरतात. काही खरे शौकीन असतात. काही दलाल असतात. आणि काही नुसतेच पाहून जातात. त्या तिसऱ्यांची चौकशी जरा बारकाईनं ऐका.

भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव हे कोशाच्या कापडाचं गाव. कोसा घ्यायला बाहेरगावची माणसं इथे येणारच, त्यामुळे अनोळखी चेहऱ्याचं कोणाला नवल वाटत नाही. तिथल्या एका काकूंनी मला सांगितलं, "अवो, तो मले म्हणते, काकू, गाडी चालू हाय का? मी म्हटलं, नाही जी, हे गेल्यापासून तीन वर्षं झाले, कोणी हातच नाही लावला. तं म्हणते, पोरगा चालवत नाही का? म्हटलं, तो पुण्याले राहते, दिवाळीलेच येते."

बघा, दोन प्रश्नांत काय काय गेलं! बाई एकटी आहे, मुलगा वर्षातून एकदा येतो, गाडीला तीन वर्षांत कोणी हात लावलेला नाही. म्हणजे उद्या बॅटरी, दिवे, चाकांच्या वाट्या गेल्या तरी कळायला महिना जाईल. काकूंनी काही चूक केली असं नाही हं. आपल्याकडे पाणी विचारून बोलायची रीतच आहे. पण अशा वेळी एवढंच म्हणायचं, "घरच्यांना विचारून सांगते, तुमचं नाव आणि नंबर लिहून द्या." खरा शौकीन आनंदानं लिहून देतो.

नागपुरात एखाद्या गाडीवरून घर शोधणं कठीण. पण आंधळगावसारख्या गावात जुनी अ‍ॅम्बेसेडर एकच असेल, तर ती गाडी म्हणजेच पत्ता! पानठेल्यावर विचारलं की कोणीही दारापर्यंत आणून सोडतो. गावाला आपलं सगळं ठाऊक असतं, त्याचं आपल्याला काही वाटत नाही, कारण आपल्यालाही गावाचं सगळं ठाऊक असतं. पण पुतण्यानं गाडीपुढे उभं राहून फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला, की हिशोब बदलतो. फोटोत नंबर दिसतो, फाटकाचं कुलूप दिसतं, भिंतीवरची नावाची पाटी दिसते. वर लिहिलेलं असतं, "आजोबांची शान, आंधळगाव"! लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून तिचे रील निघतात, ते वेगळेच. फोटो काढू नका असं मी म्हणणार नाही, कौतुक कोणाला नको असतं? पण नंबरपाटीवर बोट फिरवून ती पुसट करायला मोबाइलमध्ये दहा सेकंद लागतात. नावाची पाटी फोटोत येणार नाही अशा बाजूनं उभं राहता येतं.

नंबरवरून काय कळतं, असं तुम्ही विचाराल. बरंच काही. सरकारच्या परिवहन अ‍ॅपवर कोणत्याही गाडीचा नंबर टाकला की ती कोणती, कधी नोंदली, कोणत्या आरटीओची, विमा कधी संपतो, हे दिसतं. मालकाचं नावही दिसतं, फक्त मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली. गाव छोटं असेल तर उरलेल्या अक्षरांवरून नाव ओळखायला कितीसा वेळ लागणार?

आणि ही माहिती सरकारनं एकदा विकलीही होती! मार्च २०१९ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्यानं गाड्यांची आणि लायसन्सची माहिती एकगठ्ठा देण्याचं धोरण आणलं. कंपनीनं वर्षाला ३ कोटी रुपये भरायचे आणि माहिती घ्यायची. जुलै २०१९ मध्ये आपल्या नागपूरच्याच नितीन गडकरींनी संसदेत सांगितलं की ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना ही माहिती दिली आहे, आणि त्यातून सरकारला ६५ कोटी मिळाले. त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑगस्ट २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं होतं. पुढे ओरड झाली आणि खासगीपणाचं कारण देऊन २०२० मध्ये हे धोरण मागे घेतलं. गाडीचा मालक या सगळ्यात कुठे होता? त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हा फोनवर कोणी गाडीचा नंबर आणि घरच्या माणसाचं नाव अचूक सांगितलं, म्हणून तो आरटीओचाच माणूस असं धरून चालू नका.

आता विकण्याची गोष्ट. मुलं म्हणतात, आई, ओएलएक्सवर टाकू. टाका, पण आरसी बुकाचा फोटो जाहिरातीत अजिबात नको. त्यावर पत्ता असतो, चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो. चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीचा नंबर लावून फिरवणं हा जुना धंदा आहे. तसल्याच रंगाची, तसल्याच बनावटीची गाडी सापडली की काम सोपं. मग सिग्नल तोडला कोणी आणि चलान येतं कोणाला!

ओएलएक्सवरचा दुसरा नमुना म्हणजे 'फौजी'. फोन येतो, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, भाव करत नाही, आगाऊ रक्कम लगेच पाठवतो. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, सगळं येतं. मग एक क्यूआर कोड येतो. "ताई, हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." आणि खात्यातले होते तेही जातात. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. भाजीवाली दिवसभर क्यूआरवर पैसे घेते, ती एकदा तरी पिन टाकते का? चलानच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी फाइलही तसलीच. नावाच्या शेवटी एपीके असतं. ती उघडली की फोनमध्ये नको ते अ‍ॅप बसतं आणि बँकेचे ओटीपी दुसरा वाचतो. आरटीओ व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप पाठवत नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० वर फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

२०२५ मध्ये महाराष्ट्रात नव्या पाट्यांचा गोंधळ झाला, तो आठवतोय ना? १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटी लावायची होती आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. त्या गर्दीत नकली वेबसाइटवाल्यांचंही फावलं. पाटीचा दर ठरलेला होता, जीएसटी धरून दुचाकीला ५३१ आणि चारचाकीला ८७९ रुपये. पाटी मात्र कामाची आहे. तिच्यावर होलोग्राम असतो, लेसरनं कोरलेला आकडा असतो, आणि ती एकदा बसली की मोडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे आपल्या नंबरची नक्कल करणं कठीण होतं.

पण मैत्रिणींनो, मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चोराची नाही, कागदांची!

आपल्याकडे जुनी गाडी कशी विकली जाते? चौकात चहा होतो, स्टॅम्पपेपरवर सह्या होतात, किल्ली दिली की झालं. आरसीवर नाव मात्र तसंच. मोटार वाहन कायदा सांगतो की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं (गाडी दुसऱ्या राज्यात गेली तर ४५ दिवसांत) आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. हे कोण करतं? घेणारा म्हणतो, करतो भाऊ, आणि विसरतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. गाडी एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला अशी विकली गेली. नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली आणि मग अपघात झाला. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. नवऱ्यानं कधीकाळी विकलेल्या गाडीची नोटीस उद्या तुमच्या दारात येऊ शकते. तेव्हा घरातून गेलेल्या प्रत्येक गाडीबद्दल आज रात्री जेवताना विचारा, "नाव बदललं का?" नंबर माहीत असेल तर अ‍ॅपवर पाहताही येतं. फुल्यांमधूनही आपल्या माणसाचं नाव आपल्याला ओळखू येतंच.

भंगारात दिलेल्या गाडीचंही तसंच. लुनाचं लोखंड किलोवर गेलं, पण तिचा नंबर आरटीओच्या नोंदीत जिवंतच राहिला. नोंदणी रद्द करून घ्या आणि त्याचा कागद जपून ठेवा.

आणि मालकच गेला तर? नियम असा की वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. दुःखाच्या त्या दिवसांत गाडी कोणाला आठवते? तेरवी होते, लोक पांगतात आणि गाडी ताडपत्रीखाली जाते. मग तिचा विमा संपतो, नोंदणीची मुदत संपते (खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नवी करायची). दीर-जाऊ म्हणतात गाडी वडिलांची, सगळ्यांची. काही वर्षांनी विकायची म्हटली तर सही करायला कोणाचाच अधिकार उरलेला नसतो. यावर २०२१ पासून एक सोय झाली आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नाही. बँकेच्या खात्यासारखं गाडीच्या आरसीवरही नॉमिनी लावता येतो! घरच्या माणसाला सांगून तो आताच लावून घ्या. मागावं लागेल, आणि मागताना विषय जरा अवघड वाटेल. तरी मागा.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर तिला आता वेगळा मान आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदायची सोय केली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरमध्ये 'व्हीए' अशी अक्षरं येतात. मात्र ती गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोलसाठी तेवढी. धंद्याला तर नाहीच, म्हणजे लग्नाच्या भाड्यालाही नाही. आणि मूळच्या रूपात फार बदल केलेला चालत नाही.

झेरॉक्सचंही सांगून टाकते. आरसी, आधार, पॅन यांच्या प्रती आपण एजंटाच्या हातात सहज सोपवतो. प्रतीवर आडवी रेघ मारून लिहा, "फक्त गाडीच्या नाव बदलासाठी", खाली तारीख आणि सही. आधारची शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रतही मिळते, जिथे चालते तिथे तीच द्या.

आता कुलूप. जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं कुलूप किती झिजलेलं असतं ते घरच्यांना ठाऊक, दुसरीची किल्लीही कधीकधी लागते! जुने मिस्त्री एक युक्ती सांगतात. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून घरात ठेवायचा. मुठीत मावेल एवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय पेट्रोलची गाडी सुरूच होत नाही. बॅटरीची एक वायर सोडून ठेवा, आगीची भीतीही कमी होते. गाडीचे चारी बाजूंनी आणि चासी नंबरचेही फोटो काढून ठेवा. हे फोटो फेसबुकसाठी नव्हेत, चोरी झाल्यास पोलिसांना आणि विमावाल्यांना दाखवायला. आणि हो, नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरी झालेल्या गाडीचा एक पैसाही मिळत नाही. पॉलिसी काढून वाचा.

हल्ली मुलं गाडीत जीपीएस ट्रॅकर बसवतात. गाडी हलली की मोबाइलवर घंटी वाजते. चांगलं आहे. पण तीच गाडी घेऊन तुम्ही माहेरी गेलात, डॉक्टरकडे गेलात, वाटेत मैत्रिणीकडे अर्धा तास थांबलात, तर तेही त्या मोबाइलवर दिसतं. मुलाच्या, दिराच्या, कधी बसवून देणाऱ्या दुकानदाराच्याही. चोरावर लक्ष ठेवायला आणलेली वस्तू सुनेवर लक्ष ठेवायला लागली, असं व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा ट्रॅकर बसवायच्या दिवशीच विचारून घ्या, अ‍ॅप कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे आणि पासवर्ड कोणाला ठाऊक आहे. दुकानदारानं घातलेला पासवर्ड त्याच संध्याकाळी बदला. आणि गाडी तुम्हीही चालवत असाल, तर ते अ‍ॅप तुमच्याही फोनमध्ये टाकून घ्या.