खलाशांची विश्रांती : नियम काय सांगतो?

कारखान्यातील कामगाराची पाळी संपली की तो घरी परततो. खलाशाचे घर आणि कामाची जागा मात्र महिनोन्महिने एकच असते. त्यामुळे त्याच्या कामाला आणि विश्रांतीला कायद्याने मर्यादा घालणे आवश्यक ठरले.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००६ मध्ये संमत केलेला सागरी कामगार करार २०१३ पासून अमलात आला. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. या करारानुसार खलाशाला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. दिवसाच्या विश्रांतीचे दोनच भाग करता येतात आणि त्यांपैकी एक सलग सहा तासांचा असावा लागतो.

विश्रांतीऐवजी कामाच्या तासांवर मर्यादा घालण्याचा पर्यायही देशांना आहे. ती दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तास आहे. हे दोन पर्याय समान नाहीत. आठवड्याच्या १६८ तासांतून विश्रांतीचे ७७ वजा केल्यास कामासाठी ९१ तास उरतात. जहाज किंवा माणसे संकटात असतील, तर कप्तान कितीही वेळ काम करवून घेऊ शकतो. मात्र नंतर पुरेशी विश्रांती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

जादा कामाच्या मोबदल्याबाबत करारात मार्गदर्शक तत्त्वे आहेत. दिवसाला आठ तासांपलीकडील कामासाठी मूळ दराच्या किमान सव्वापट रक्कम द्यावी, असे ती सुचवतात. म्हणजे तासाचा मूळ दर १०० रुपये असेल, तर जादा तासाचे १२५ रुपये. काही नोकरी करारांत ठरावीक तासांचा जादा मोबदला वेतनातच धरलेला असतो. त्यापुढच्या तासांची वेगळी नोंद झाली, तरच त्यांचे पैसे हाती पडतात.

खरी अडचण या नोंदींतच आहे. बंदरात माल चढवण्या-उतरवण्याच्या घाईत विश्रांती बुडते आणि कागदावर मात्र ती पूर्ण दाखवली जाते. जागतिक सागरी विद्यापीठाच्या २०२० मधील अहवालाने ही पद्धत सर्रास चालत असल्याचे दाखवून दिले. अशा नोंदीने खलाशाचे दुहेरी नुकसान होते : झोप जाते आणि विश्रांती म्हणून लिहिलेल्या तासाचा मोबदलाही बुडतो.

पैसे मिळाले, तरी थकवा भरून निघत नाही. ‘शेन नेंग १’ हे कोळसावाहू जहाज एप्रिल २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर रुतले. पहाऱ्यावरील अधिकाऱ्याला आधीच्या साडेअडतीस तासांत अवघी अडीच तास झोप मिळाली होती, असे तपासात आढळले.

विश्रांतीच्या नोंदीवर कप्तानाबरोबर खलाशाचीही सही लागते आणि तिची प्रत मिळणे हा त्याचा हक्क आहे. तक्रार जहाजावर करता येते, तशीच बंदरातील तपासणी अधिकाऱ्याकडेही. त्या वेळी हीच प्रत पुरावा ठरते. म्हणून प्रत्येक तास पडताळूनच सही करणे खलाशाच्या हिताचे आहे.