यंत्रांचे उत्तरायुष्य : लेखांक नववा – वर्धापनसोहळ्याची मोटार

कल्याणहून शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंबिवलीच्या शिवेलगत, जे विस्तीर्ण आवार अजूनही लोकांच्या तोंडी 'प्रीमियर मैदान' म्हणून आहे आणि जिथे हल्ली राजकीय सभांचे मंडप पडतात, त्याच्या नावामागे एकेकाळचा मोटारींचा कारखाना आहे, हे त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या तरुण मंडळींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पहिली गाडी १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात फ्रेंच बनावटीची प्यूजो ३०९ तयार होत असे. कारखाना गेला, नाव मात्र मैदानाला चिकटून राहिले. जुनी मोटार टिकते ती पुष्कळदा कारखानदाराच्या जाहिरातीच्या गरजेपोटी टिकते, आणि त्या गरजेला तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल, हे आजच्या लेखांकात मला आवर्जून मांडावयाचे आहे.

याचा सर्वांत बोलका दाखला हेन्री फोर्डच्या पहिल्या गाडीचा. १८९६ सालच्या जून महिन्यात, डेट्रॉइट शहरातील बॅग्ली रस्त्यावरच्या आपल्या भाड्याच्या घरामागील कोठीत, फोर्डने सायकलीची चार चाके, दोन सिलिंडरांचे इंजिन आणि सुकाणूसारखा एक दांडा यांच्या जुळणीतून जी गाडी उभी केली, ती दारातून बाहेर निघेना, तेव्हा त्याने कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटाच पाडल्या. या गाडीला मागे जाण्याची सोय नव्हती. भोंग्याच्या जागी घराच्या दाराला असते तशी घंटा होती आणि तिची कळ त्या दांड्याच्या टोकावर बसविलेली होती. पुढच्या प्रयोगांना पैसा हवा म्हणून फोर्डने ही गाडी त्याच वर्षी २०० डॉलरांना विकली. आणि १९०३ साली कंपनी स्थापन झाल्यावर, लगेच दुसऱ्या वर्षी, ६५ डॉलर मोजून ती परत विकत घेतली. कंपनी जेमतेम एक वर्षाची, तिला अजून कसला इतिहास नाही, आणि तिचा धनी आपल्या पहिल्या ओबडधोबड गाडीचा माग काढीत निघतो, या गोष्टीचा विचार केला की त्या माणसाच्या दूरदृष्टीपुढे मान आपोआप लवते.

त्या ६५ डॉलरांचे मोल पुढे वसूल झाले. १९२४ साली मॉडेल टी या गाडीचा १ कोटीवा नग तयार झाला, तेव्हा फोर्ड त्या नव्या गाडीच्या आणि १८९६ च्या गाडीच्या मधोमध उभा राहिला. ते छायाचित्र जगभर पाहिले गेले. १९२७ च्या मे महिन्यात दीड कोटीवी गाडी बाहेर पडली, त्या समारंभातही ही म्हातारी गाडी हजर होती आणि स्वतः फोर्डने ती चालवून दाखविली. नव्या मालाचा गौरव करण्यासाठी जुन्याला शेजारी उभे करावे लागते, आणि उभे करावयाचे तर ते चालू स्थितीत राखावे लागते. आज ती गाडी डिअरबॉर्नच्या संग्रहालयात सुरक्षित आहे.

रोल्स-रॉइसची कथा थोडी खेदाची आहे. १९०७ साली रुपेरी रंग देऊन जिची कसोटी हजारो मैल घेण्यात आली, ती 'सिल्व्हर घोस्ट' दुसऱ्याच वर्षी विकली गेली आणि १९४८ साली कंपनीच्या पदरी परत आली. परंतु १९९८ नंतर कंपनीची वाटणी होऊन नाव एकाकडे व कारखाना दुसऱ्याकडे गेला, तेव्हा गाडी कारखान्याबरोबर बेंटलीच्या ताब्यात राहिली, आणि २००४ साली नावाची शताब्दी आली तेव्हा नाव एका धन्याकडे आणि गाडी दुसऱ्याकडे होती.

आपल्याकडे या विषयात सरकारदरबारी अलीकडेच शिस्त आली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाडीची 'विंटेज' म्हणून स्वतंत्र नोंद होते. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, आणि नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांमागे 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणण्याची मुभा आहे, धंद्यासाठी नाही. म्हणजे वर्धापनसोहळ्यातील गाडीचे जे जीवन, तेच कायद्याने तिला नेमून दिले आहे.

१९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' हे नाव मिळालेल्या प्रीमियरच्या फियाटी आता या ५० वर्षांच्या अटीत बसू लागल्या आहेत. ठाणे-कल्याणच्या ज्या गृहस्थांनी त्या कापडाखाली झाकून, दर रविवारी इंजिन सुरू करून जपल्या, त्यांच्यामागे फोर्डसारखा धनी नाही. पद्मिनीचे उत्पादन थांबले, आणि १९४७ च्या त्या पहिल्या गाडीची शताब्दी भरेल तेव्हा निमंत्रण धाडावयास कंपनीचे कोणी उरेल असे दिसत नाही. ते काम येथील मोटारप्रेमी मंडळांनी आणि नगरपालिकांनी आतापासून हाती घ्यावे, मालकांची यादी करावी, आणि सोहळा प्रीमियर मैदानावरच भरवावा, अशी माझी जाहीर सूचना आहे.

पुढील लेखांकात, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी ओढून आणणाऱ्या साहिब, सुलतान आणि सिंध या इंजिनांकडे वळू.